भाड्यात ऊब धरून

विकत घेण्याआधी मी मागितली होती
तीन हिवाळ्यांची तेलाची बिलं.
आयली कोर्तेसोयाने ती काढून दिली
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून,
रबर लावलेली, महिन्यांच्या क्रमाने.
इतकी कमी, की मी दोनदा चष्मा पुसला.

ड्यूलूथमधलं चढावरचं दुमजली घर,
खिडक्या जुन्या, भिंतीत भुसा भरलेला,
आणि तरी वर्षाला एवढंच तेल?
दलाल म्हणाला, बॉयलर जुन्या बनावटीचा, दणकट.
शाळेची बस चालवतो मी,
यंत्र म्हातारं झालं की किती खातं, मला ठाऊक आहे.
पण आकडा आपल्या बाजूचा असला
की माणूस फार खोदून विचारत नाही.

वरचा मजला भाड्याने. खालचाही,
आयलीलाच. तेवढी एकच अट होती तिची.
बॉयलर एक, थर्मोस्टॅट एक,
तो तिच्या जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर.
करारात लिहिलं: अडुसष्ट अंश,
भाड्यात ऊब धरून.
रात्री हप्ता, कर, विमा, तेल वजा करून
खाली उरलेल्या आकड्याभोवती
पेन्सिलीने दोन वेळा गोल काढला.

नोव्हेंबरात वरून फोन.
डेल्फीन, रात्रपाळीची नर्स.
दात वाजत होते की लाइन खराब होती, कळेना.
बाळाला टोपी घालून निजवते, म्हणाली.
मी रेडिएटरमधली हवा सोडली, झडप बदलली,
बॉयलरवाला आणला.
त्याने तासाचे पैसे घेऊन सांगितलं,
याला काही धाड भरलेली नाही.

जानेवारीत सरोवरावरून वारा सुटला,
शून्याखाली बावीस.
डेल्फीनने फोटो पाठवला:
ओव्हनचं दार उघडं, समोर पाळणा.
खाली एक शब्दही नाही.

मी खालचं दार ठोठावलं.
आयलीच्या अंगावर कोट, त्यावर नवऱ्याचा कोट.
भिंतीवर काटा अठ्ठावन्नावर.
'निजताना पंचावन्नावर नेते,' ती म्हणाली,
जणू मी शाबासकी द्यायला आलो होतो.
'ऊर्हो होता तेव्हाही असंच. चव्वेचाळीस वर्षं.
तेल काय नळाला येतं?'

तेव्हा ती बिलं मला वाचता आली.
दोन माणसांनी अंग चोरून काढलेले हिवाळे
मी मोजून घेतले होते,
आणि त्याला किफायतशीर घर म्हणालो होतो.

'आयली, तेल आता माझं आहे.
तुम्ही भाडं देता, त्यातच आलं ते.'
तिने मान हलवली,
पटलेल्या माणसासारखी नव्हे,
दुसऱ्याची उधळपट्टी पाहणाऱ्यासारखी.
'आणि तुझा हप्ता?'
हे आजवर फक्त बँकेने विचारलं होतं.

काटा मीच फिरवला.
तळघरात काहीतरी दचकून जागं झालं,
पाइपात ठोके पडले,
भिंतीतून एकेक वर चढत गेले.
आम्ही दोघं उभ्याने ऐकत राहिलो.
प्रत्येक ठोक्याला मला डॉलर दिसत होता,
खोटं कशाला बोलू.
तिलाही दिसत असणार.

फेब्रुवारीचं बिल आलं.
मी बसमध्येच फोडलं, शेवटचं मूल उतरल्यावर,
आणि थोडा वेळ गाडी चालू केली नाही.
पेन्सिलीचा गोल खोडला. कागद फाटला तिथे.

आयलीने हात पुढे केला:
'आण इकडे. तू हरवशील.'
डबा उघडला, रबर काढलं,
जानेवारीच्या मागे फेब्रुवारी लावला.
अंगावर एकच कोट होता.
तिच्या खांद्यावरून मी काटा पाहिला:
सहासष्ट.

जिन्यावर डेल्फीन भेटली.
बाळ आता टोपी ओढून फेकतं, म्हणाली.

त्या दोन अंशांबद्दल
मी कुणालाच काही बोललो नाही.